खिशातलं प्यादं

लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत नेमका लिफ्ट तपासनीसच होता. 'सुस्थितीत' असा शेरा मारून सही करायची तेवढी राहिली होती. शेवटचं एकदा वर-खाली करून बघू म्हणून तो आत शिरला, दार लागलं, आणि यंत्राने त्याच्या शेऱ्याचा जो काय मान ठेवायचा तो ठेवला. बाहेरून इमारतीचे चेअरमन दाराच्या फटीला तोंड लावून विचारत होते, की साहेब, हे तपासणीतलंच आहे की खरंच अडकलात. तपासणीतलंच, असं त्याने आतून जमेल तेवढ्या अधिकाराने सांगितलं आणि घाम पुसायला खिशात हात घातला. रुमालाच्या घडीत काहीतरी टणक लागलं. गुळगुळीत गोल डोकं, बारीक मान, बुडाला मखमलीची चकती. डोळ्यांआधी बोटांनीच ओळखलं. बुद्धिबळातलं प्यादं. काळं.

आता हे प्यादं या वेळी त्याच्या खिशात नको होतं. ते घरी, मागच्या खोलीत, सासऱ्यांच्या पलंगावरून सरकवता येणाऱ्या टेबलावर, पटाच्या एका घरात उभं असायला हवं होतं. रोज सकाळी तो पेपरातलं कोडं पटावर मांडून निघायचा. पांढऱ्याने खेळायचं आणि दोन चालींत मात करायची, कधी तीन. म्हणजे खेळ नव्हेच तो. कुणीतरी निगुतीने रचून ठेवलेला पेच, ज्याला एकच उत्तर असतं आणि ते असतंच, या भरवशावर माणूस तासन् तास डोकं घालतो. सासऱ्यांचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, लिहिणं गेलं होतं. डावा हात उरला होता. त्या हाताने ते दिवसभरात कधीतरी बरोबर चाल सरकवायचे, मग बोटाच्या पेराने टेबलावर एक टकटक. ती टकटक ऐकली की तपासनिसाची बायको स्वयंपाकघरातून निःश्वास सोडायची. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की हे जोवर सुटतंय तोवर आत माणूस शाबूत आहे असं समजा. आणि बायकोने त्यावर आपला निकाल लावून ठेवला होता: बाबांचं डोकं चालतंय तोवर बाबा या घरात. नंतर मात्र गावाबाहेरच्या त्या संस्थेत, जिथे खिडक्यांना आतून कडी नसते. ती शाळेत भूगोल शिकवायची. कुठल्या गोष्टीची हद्द कुठे संपते हे तिला पक्कं माहीत असायचं.

सकाळी दूध उतू गेलं होतं, बायकोने हाक मारली होती, आणि मांडता मांडता हातात राहिलेलं प्यादं त्याने धावताना खिशात टाकलं होतं. साधा घोळ. लिफ्टमध्ये दिवा मिणमिणत होता. त्याने पेपरातला डाव डोळ्यांपुढे आणला, हे प्यादं वगळलं, आणि चाली खेळून पाहिल्या. या प्याद्याशिवाय ते कोडं सुटतच नव्हतं. मोहरं दुसरंच हरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण नेमकं हेच. म्हणजे सासरे सकाळपासून बसले असणार, आणि उत्तर नसलेल्या पेचात उत्तर शोधत असणार. बिचारे, असं त्याच्या मनात आलं. मग तो शब्द त्याने पुन्हा एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिला. वीसेक वर्षांत सासऱ्यांना हा शब्द त्याने कधी लावला नव्हता. जिभेवर बरा लागत होता. चेअरमननी तेवढ्यात बाहेरून कळवलं, की मेकॅनिक जेवायला गेलाय आणि तोवर साहेबांनी घाबरू नये. साहेब घाबरले नव्हते. ते प्यादं दोन बोटांत फिरवत होते.

सासरे मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर त्यांनी माणसांना दहापासून उलटे आकडे मोजायला लावले आणि बहुतेक माणसं सातला गप्प झाली. त्यामुळे समोरचा माणूस फार वेळ शुद्धीत राहतो याचंच त्यांना मनापासून आश्चर्य वाटायचं. तपासनीस मुलीला मागणी घालायला त्यांच्याकडे गेला तेव्हा नोकरी, घर, आईवडील यातलं त्यांनी काही विचारलं नाही. समोर पट सरकवला. पांढऱ्याची पाळी, दोन चालींत मात, हे सुटलं की बोलू. तपासनिसाला खेळ येत होता, बऱ्यापैकी येत होता, म्हणून तर तो खूश झाला. आधी चहा आला. निवला. दुसरा आला, त्यावर साय धरली. पडद्याआडून मुलीच्या दोन आत्या आळीपाळीने डोकावून गेल्या, आणि दुसऱ्या वेळी त्यातली एक चक्क हसली. काळा राजा कोपऱ्यात होता. वजीर, हत्ती, घोडा, सगळे त्याच्यावर सोडून झाले, पण दर वेळी राजा शेजारच्या एका घरात सरकून निसटायचा. तेच एक घर. ते घर बुजवता आलं असतं तर काहीही चाललं असतं. सासरे, म्हणजे तेव्हा नुसतेच डॉक्टर, खुर्चीत रेलून त्याच्याकडे बघत होते, पेशंटच्या पापण्यांकडे बघावं तसे. काही घाई नाही, म्हणाले, दहापासून उलटे मोजा हवं तर. त्याने खरंच मनात मोजले. तिसऱ्या चहाच्या वेळी त्यांनी पट ओढून घेतला आणि म्हणाले, "दोन चालींत मात दिसत नाही तुम्हाला. हरकत नाही. माणूस चांगले आहात."

मुलगी दिली. पण ते वाक्य मुलीबरोबर सासुरवाडीहून आलं आणि कायमचं राहायला आलं. वाढदिवस असो, कुणाचं लग्न असो, जेवणं झाली की सासरे सुपारी कातरत नव्या माणसाला सांगायचे, की आमच्या जावईबापूंना दोन चालींत मात दिसत नाही, बाकी माणूस सोन्यासारखा. सगळे हसायचे. जावईबापूही हसायचे, कारण न हसणं म्हणजे तिसरी चाल आणि तीही चुकीची. पुढे पुढे बायकोच्या तोंडीही ते बसलं. रस्त्यात वळण चुकलं, मोजा सापडेना, बढती दुसऱ्यालाच मिळाली, की ती एक निःश्वास सोडून म्हणायची, तुला ना, दोन चालींत मात दिसत नाही. प्रेमानेच म्हणायची. प्रेमाने म्हटलेल्याला उत्तर देता येत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने तो डाव आठवून चोरून चार-पाच वेळा मांडला, डोकं फोडलं, सुटला नाही. कुणाला विचारायची लाज. बुद्धिबळ खेळणाऱ्या मशीनला विचारायची तर त्याहून लाज, कारण मशीन दुसऱ्या क्षणाला सांगणार आणि मग आपण किती मूर्ख हे आकड्यात कळणार. शेवटी त्याने तो मांडायचं सोडलं. पण विसरला नाही. थोबाडीत खाल्लेल्या खोलीतली फरशी जशी लक्षात राहते, तसं त्यातलं प्रत्येक मोहरं कुठे होतं ते त्याला पाठ होतं.

लिफ्टमधून बाहेर ओढून काढल्यावर त्याने त्याच लिफ्टला 'सुस्थितीत' लिहून दिलं आणि घर गाठलं. वाटेत ठरवलं होतं, की जायचं, प्यादं जागेवर ठेवायचं, माफी मागायची. मागच्या खोलीत सूप तसंच पडलं होतं, त्यावर साय धरली होती. ती साय पाहून तो दारातच थांबला. दिवसपाळीच्या मावशी म्हणाल्या, की आजोबांनी आज पटावरून नजर काढली नाही, अगदी मॅच लागल्यासारखे बघत होते. सासऱ्यांच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. या माणसाला घाम येतो हे त्याला माहीत नव्हतं. डावा हात घोड्याजवळ जायचा, थांबायचा, मागे यायचा. पुन्हा जायचा. तपासनीस खुर्ची ओढून बसला. नीट, मागे रेलून. उन्हातून आल्यावर गार पाण्याचा पहिला घोट छातीतून उतरताना कळतो तसं काहीतरी त्याच्या आत सावकाश खाली उतरत गेलं. "अवघड होतं का बाबा आजचं?" त्याने विचारलं. आणि खिशातलं प्यादं खिशातच मुठीत धरून म्हणाला, "काही घाई नाही."

दुसऱ्या दिवशीही एक मोहरं खिशात राहिलं. या वेळी दूध उतू गेलं नव्हतं.

इथून पुढे तपासनिसाच्या आयुष्यात जे घडलं त्याला कला म्हणायला हवं. लोकांना वाटतं, की एक प्यादं उचललं की झालं. तसं नसतं. कुठलंही उचललं तर एक तर कोडं उगाच दोन ठिकाणी सुटतं, नाहीतर इतकं उघड मोडतं की शाळकरी पोरगंसुद्धा म्हणेल, हे चुकलंय. खरी खुबी अशी, की उत्तर अगदी हाताशी यायला हवं. माणसाला वाटायला हवं, की हं, सापडलं, बोट मोहऱ्यावर टेकायला हवं, आणि मग शेवटच्या क्षणी कुठल्यातरी कोपऱ्यातून एक क्षुद्र सुटका निघायला हवी. अशा खोट्या वाटा दोन-तीन असल्या तर दिवस भरतो. तपासनीस लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून, दोरांना ग्रीस लावणाऱ्यांकडे पाठ करून, उद्याचं प्यादं कुठलं याचा विचार करायचा. मोटारीचा आवाज ऐकू यायचा नाही. जन्मात त्याला कशात गती नव्हती. शाळेत मधला, नोकरीत मधला, घरात तर दाराजवळचा. आणि आता पन्नाशीला आल्यावर कळत होतं, की आपल्यात एक देणगी आहे आणि ती दाखवायला जगात एकच माणूस आहे. त्याला ती पुरेपूर कळतही होती, याबद्दल तपासनिसाला शंका नव्हती. इतका चांगला प्रेक्षक नशिबाने मिळतो. मधूनच, आठवड्यातून एखादा दिवस, तो पूर्ण डाव मांडायचा. मग संध्याकाळी टकटक ऐकू यायची, बायकोचा चेहरा फुलायचा, आणि सासऱ्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी तिरकी चमक यायची. आशा सुकून गेली तर मग मजा काय उरणार.

हळूहळू म्हातारा खचला. जेवण टाकायला लागला. आणि मग शोधायला लागला. डाव्या हाताने उशी उचलून खाली बघायचा. चादरीची कड झटकायचा. मावशींच्या पिशवीत हात घालून त्यांचा डबा चाचपायचा. मावशी चिडल्या, मी काय आजोबांची अंगठी चोरली का, माझ्या डब्यात पोळीभाजी सोडून काही नसतं, आणि एक दिवस त्यांनी पिशवी सरळ त्याच्या अंगावर उपडी करून दाखवली. म्हाताऱ्याने एकेक वस्तू निरखून पाहिली, फणीसुद्धा. एकदा तर पलंगाखालून चप्पल ओढून ती उलटी करून टेबलावर आपटली. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने तोंडावर पदर घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. रात्रीच्या जेवणाला म्हणाली, की हे ती वाचून आहे, या आजारात माणसाला वाटायला लागतं की आपलं काहीतरी चोरलंय. डोकं जायला लागलं की पहिलं हेच होतं. तपासनीस भात कालवत राहिला. घरातल्या चार माणसांत, मावशींना धरून, त्या म्हाताऱ्याचं डोकं एकदम ठणठणीत आहे हे फक्त त्याला ठाऊक होतं. म्हातारा बरोबर तेच करत होता जे शहाण्या माणसाने करावं. पटावर काहीतरी कमी आहे हे त्याने ताडलं होतं आणि तो ते शोधत होता. तपासनिसाला त्या क्षणी सासऱ्यांबद्दल इतका आदर वाटला, की घास अडकला आणि बायकोने पाठीवर थापटलं.

"तू तरी धीराने घे," ती म्हणाली. "मला माहितीय तुझा किती जीव आहे त्यांच्यावर."

शेवटी तिने डॉक्टरांना घरी बोलावलं. हे डॉक्टर सासऱ्यांच्याच हाताखाली शिकलेले, आणि शिकताना इतकी बोलणी खाल्लेले, की अजून 'सर' म्हणताना त्यांचा उजवा खांदा आपोआप वर व्हायचा, काहीतरी अंगावर येणार असल्यासारखा. बायकोने नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या डॉक्टरांसमोर एक कोडं मांड. सोपं मांड. सुटलं तर बाबा इथेच राहतील, मी नोकरी सोडेन हवी तर. नाही सुटलं तर संस्थेत जागा आहे, त्यांनी परवापर्यंत कळवायला सांगितलंय." तिचे डोळे सुजले होते. तपासनिसाला ती आवडायची. ते खरं होतं, आणि त्याची त्याला अडचण व्हायची.

पूर्ण मांडू, असं त्याने ठरवलं. खरंच ठरवलं. पण पेपरातलं नाही. सोपं कोडं म्हणजे बाबांचा अपमान, अशी स्वतःची समजूत घालून त्याने तो जुना डाव मांडला, मागणी घालायला गेला होता त्या दिवशीचा, अगदी मोहरं न् मोहरं. यात गंमत अशी होती, की त्याला हरायला जागाच नव्हती. म्हाताऱ्याने सोडवला तर वीस वर्षांनी का होईना, उत्तर कळणार. नाही सोडवला तर म्हाताऱ्यालाही दोन चालींत मात दिसत नाही, हे डॉक्टरांच्या आणि बायकोच्या देखत सिद्ध होणार. मांडून झाल्यावर त्याने दोनदा तपासलं. लिफ्टचे दोरही तो इतके बघत नसे. या वेळी काही उचललं नव्हतं. कालचं प्यादं शर्टाच्या वरच्या खिशात राहून गेलं होतं खरं, पण त्याचा या डावाशी संबंध नव्हता.

डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी बसले, हात मांडीवर, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. बायको उशाशी. सासऱ्यांनी पट पाहिला. फार वेळ पाहिलंही नाही, एकदा नजर फिरवली आणि तिरक्या झालेल्या तोंडाचा जो अर्धा भाग अजून त्यांचा होता, तो सावकाश वर गेला. ते हसत होते. मग डावा हात उचलला. हात घोड्यावर गेला नाही, वजिरावर गेला नाही. सरळ कोपऱ्यातल्या काळ्या राजाकडे गेला आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या घरावर बोट टेकलं. त्या एका घरावर. टकटक केलं. पुन्हा केलं.

"सर, तिथे काही नाहीये," डॉक्टर हळूच म्हणाले. खांदा वर गेला होता.

सासऱ्यांनी बोट उचललं आणि जावयाच्या शर्टाच्या खिशाकडे रोखलं.

तपासनिसाला दिसलं. कड्यावरून खाली बघितल्यावर जसं सगळंच एकदम दिसतं तसं. त्या घरात काळं प्यादं हवं. राजाचं स्वतःचंच प्यादं त्याची वाट अडवून उभं हवं, मग घोडा बाजूच्या घरात शांतपणे सरकतो, काळा काहीही खेळो, दुसऱ्या चालीला मात. लहान मूलही सांगेल. आणि त्या दिवशी त्या घरात ते नव्हतं. ते डॉक्टरांच्या, म्हणजे या म्हाताऱ्याच्या, खिशात होतं. तीन चहा निवेपर्यंत ते खुर्चीत रेलून बसले होते तेव्हा त्यांची मूठ कोटाच्या खिशात होती, आणि हे त्याला आत्ता आठवत होतं. म्हणजे म्हातारा गेले कित्येक दिवस सगळं ओळखून होता. उशी आणि डबा चाचपणं नुसतं कळेपर्यंतचं, पुढे त्याला खिसाच माहीत होता. खिसा त्याच्याच ओळखीचा होता. आणि आता तो बोट रोखून मागत होता: दे, ठेव, दाखवतो.

"पेन हवंय का बाबा?" बायको रडवेल्या उत्साहाने म्हणाली, नवऱ्याच्या खिशाला अडकवलेलं पेन काढून तिने ते त्या डाव्या हातात कोंबलं. म्हाताऱ्याने पेन सोडून दिलं. ते घरंगळत गेलं आणि डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरच्या लगबगीने उचललं. बोट पुन्हा खिशाकडे. तपासनिसाचा हात आपोआप छातीवर गेला. कापडाखाली ते लागत होतं, गुळगुळीत डोकं, बारीक मान. काढायचं आणि ठेवायचं. एवढंच. म्हातारा दोन चाली करील, टकटक करील, घरात राहील, आणि रोज सकाळी त्या दोन डोळ्यांना हे माहीत असेल. बायको विचारेल, तुझ्या खिशात कसं आलं. एकदा नाही, विचारत राहील.

"तुम्हाला छातीत दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बाबा दमलेत."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, पेशंटच्या पापण्यांकडे बघावं तसं. मग बोट खाली घेतलं. डॉक्टर बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, की सर रिकाम्या जागेकडे बोट करतायत, नसलेलं त्यांना दिसतंय, आता घरी ठेवण्यात अर्थ नाही. खांदा खाली आला होता. जिना उतरताना ते चक्क शीळ घालत होते.

संस्थेची गाडी आली तेव्हा म्हाताऱ्याने अंग ताठ केलं नाही, की हात झटकला नाही. खुर्चीतून नेताना जावयापुढे आल्यावर तेवढा डावा हात वर केला आणि बोटं एकेक करून मिटत गेला. बायकोला वाटलं, आशीर्वाद देतायत. उलटे आकडे आहेत हे तपासनिसाला कळलं. सात झाल्यावर, म्हणजे चार बोटं मिटल्यावर, खुर्ची दाराबाहेर गेली.

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर तो मागच्या खोलीत गेला. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. पट तसाच होता. त्याने खिशातून प्यादं काढून त्या घरात ठेवलं. घोडा बाजूला. मग मात. मोहरी परत ठेवून पुन्हा केलं. दोन चाली, एवढ्याच. किती सुंदर डाव होता. तो मूर्ख नव्हता. त्या दिवशी नव्हता, त्यानंतर एकाही जेवणावळीत नव्हता. वीस वर्षं ज्या गोष्टीवर घरदार हसलं ती गोष्ट झालेलीच नव्हती. त्याला मोठ्याने ओरडून कुणालातरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखं माणूस एकच होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं. दुसरं माणूस ओले केस पंच्यात गुंडाळत दारात उभं होतं. तिची चाहूल लागताच त्याने प्यादं मुठीत उचलून घेतलं होतं.

"तोच ना रे हा? तुला घातलेला?" ती पटाकडे बघत म्हणाली. "तू मागणी घालायला आलास तेव्हा बाबांनी हाच मांडून ठेवला होता. सुटला का तुला?"

प्यादं त्याच्या तळव्यात रुतत होतं. त्या घरात काय हवं हे तिला सांगायचं, तर बाबांनी त्या घरावर बोट ठेवलं होतं हेही तिला आठवणार. तिची स्मरणशक्ती चांगली होती. नकाशे तोंडपाठ.

"नाही," तो म्हणाला.

कितीतरी दिवसांनी ती हसली. "दोन चालींत मात नाहीच दिसत तुला," म्हणाली, आणि त्याच्या केसांतून हात फिरवून गेली. मग म्हणाली, की आज भेटायला जाताना पट घेऊन जाऊ, बाबांना नुसता समोर असला तरी बरं वाटेल, रोज ऑफिसहून येताना तू मांडून येत जा. तिने पेटी उघडली आणि एकेक मोहरं तिच्या खाचेत ठेवत गेली, राजे, वजीर, हत्ती. पेटी भरत आली. काळ्या प्याद्यांच्या रांगेत एक खाच रिकामी राहिली.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

त्याने पडलं असेल कुठेतरी, असं म्हटलं. ती वाकली. गुंडाळलेल्या गादीखाली हात घालून तिने चाचपलं, चादरीची कड झटकली, टेबल सरकवून मागे पाहिलं. मग खाली बसून पलंगाखाली राहून गेलेली बाबांची चप्पल ओढली आणि उलटी करून जमिनीवर आपटली. तपासनीस खुर्चीत रेलून बघत होता. मूठ खिशात होती. "नीट बघ," तो म्हणाला. "काही घाई नाही."